आठवा जोड

मंदाबाईला मिलमधून काढलं. कारण असं की त्या दिवशी चपला सातच भरल्या.

असं काही झालं नाही. मिलमध्ये आधी आठ रेजा, म्हणजे मजूर बाया, होत्या, नंतरही आठच होत्या. मग काढलं कोणाला? भय्याजी हेच म्हणतात, आणि हजेरीचं बुक मीच लिहीत असल्यामुळे मलाही हेच म्हणावं लागतं. तेव्हा वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजून चला. आमच्या गावात सगळे तसंच समजून चालतात, आणि गावाचं बरं चाललं आहे.

सत्याऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचं गाव वरठीच्या रेल्वे फाटकापासून सायकलने पाऊण तासावर. गावात एक शाळा आणि एक उसना मिल. उसना म्हणजे धान भिजवायचं, वाफवायचं, उन्हात वाळवायचं आणि मग त्याचा तांदूळ काढायचा. भिजवायला हौद होते, वाफवायला बॉयलर होता, वाळवायला सूर्य आणि रेजा. सूर्य मिलच्या नोकरीत नव्हता, त्यामुळे त्याच्यावर भय्याजींचं काही चालत नसे. रेजांवर चालायचं.

सकाळी आठला वाफवलेलं धान सिमेंटच्या मोठ्या पटांगणावर पसरत. त्याला सगळे फरशी म्हणायचे. मग आठ रेजा एका ओळीत उभ्या राहत आणि अनवाणी, पाय घासत त्या धानातून चालत. पायामागं नांगरल्यासारखी रेघ उठे, खालचं ओलं धान वर येई. त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पाच वाजेपर्यंत. एकीची एक रांग. एक रांग जरी रिकामी राहिली तरी तेवढ्या पट्ट्यातलं धान खालून घामेजतं आणि तांदळाला वास मारतो. आठवी रांग, हौदाकडची, मंदाबाईची. नऊ वर्षं तीच. तिच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, म्हणजे नवऱ्यानंतर लगेच रांग.

आभाळ आलं की फरशी बंद. त्या दिवशी रेजा घरी. गंमत अशी की आभाळाच्या दिवशी शाळा हटकून चालू असे.

"ऊन अन् गुर्जी," मंदाबाई म्हणायची, "दोघं मिळून एका दिवशी कधी सुट्टी घेत नाहीत."

धानावर चप्पल चालत नाही. म्हणून रेजा आपापल्या चपला फरशीच्या कडेला ओळीनं काढून ठेवायच्या, आणि भय्याजी त्या मोजायचे. भय्याजी म्हणजे मिलचे जमादार. फरशीवर पाय भाजतात म्हणून ते फरशीवर कधी गेले नाहीत. ऑफिसच्या खिडकीतून त्यांना रेजांच्या नुसत्या पाठी दिसत, त्याही हलत्या; मोजताना कधी नऊ भरायच्या, कधी सहा. चपला हलत नाहीत.

"माणूस खोटं बोलते बाबू," ते मला म्हणायचे, "चप्पल नाही बोलत."

मग ते म्हणत, "आठ", आणि मी लिहीत असे, आठ. मी बी.ए.ला दोनदा नापास झालो होतो, पण आठ मला चांगलं लिहिता येत असे.

मंदाबाईचा नवरा तुलाराम रेल्वेत गँगमन. सकाळी सहाला घरून निघायचा आणि दिवसभर रूळ ठोकत कुठंतरी तुमसरच्या दिशेनं जायचा. त्यांची मुलगी रत्नमाला, सात वर्षांची, दुसरीत. मंदाबाईला सासू नव्हती. असती तर ही गोष्ट झालीच नसती. सासवांचा असाही एक उपयोग असतो. शेजारपाजारचे लोक धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, शेतात. म्हणजे सकाळी आठ ते पाच रत्नमालाला ठेवायला जगात एकच जागा होती, ती शाळा. मंदाबाईला शाळेकडून दुसरी काही अपेक्षा नव्हती. पोरगी शिकली तर चांगलंच, पण मुख्य म्हणजे शाळेला भिंती होत्या.

शाळेत शिक्षकांच्या दोन जागा. त्यातली एक सहा वर्षांपासून रिकामी आणि दुसरीवर नंदलाल गुरुजी. माणूस सज्जन. कोणाला नाही म्हणायचं झालं तर आधी स्वतःच्या कपाळाचा घाम पुसायचे, डिसेंबरातसुद्धा.

त्या हिवाळ्यात सरकारनं गुरुजींना शिकवायचं ठरवलं. नवीन शैक्षणिक धोरण आलं होतं. नोव्हेंबरात तीन दिवस प्रशिक्षण, शाळा बंद. मग त्या प्रशिक्षणात काय शिकलो हे सांगायला एक दिवस केंद्रावर. मग आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा आली. रात्रभर चालणाऱ्या दंडारीच्या खेळाचा मंडप शाळेच्या मैदानातच पडतो, म्हणून दोन दिवस सुट्टी, एक मंडईची आणि एक गुरुजींच्या जागरणाची. मग मतदार याद्या. मग दुसरं प्रशिक्षण, कारण पहिल्यात वेळ पुरला नव्हता.

दुसऱ्या प्रशिक्षणाची पाटी लागली तेव्हा मंदाबाईनं गुरुजींना शाळेच्या पायरीवरच गाठलं.

"गुर्जी, तुमाले शिकवता नाही येत का?"

"येते ना बाई. सोळा वर्षं झाली शिकवून राहिलो."

"मंग शिकाले कायले जाता?"

"नवीन धोरण आलं. आता नव्यानं कसं शिकवायचं ते सांगतात."

"अन् तवरिक लेकरायले कोण शिकवते?"

गुरुजींनी घाम पुसला. "ते धोरणात नाही," म्हणाले.

पहिल्या प्रशिक्षणाच्या वेळी तिनं रत्नमालाला मिलमध्ये आणून पाहिलं होतं. रत्नमाला शहाण्या मुलीसारखी आईच्या चपलांशेजारी आपल्या चपला काढून पोत्यावर बसली. भय्याजींनी मोजलं आणि त्यांचा घोटाळा झाला.

"ह्या कोणाच्या? लहान्या?"

"माह्या पोरीच्या जी. शाळा बंद हाये."

"आठ अन् अर्धा झाले. बाबू, अर्धा कुठं लिहिशील?"

बुकात अर्ध्याचा रकाना नव्हता.

"मंदा, हे मिल हाये, बालवाडी नाही. तिकडे बॉयलर हाये, इकडे हौद हाये. पोट्टी पडली हौदात तर तांदळाचं काय करू मी? उद्यापासून आणू नको."

हे ते रागानं बोलले नाहीत. त्यांना खरोखर आधी तांदळाची काळजी वाटली, आणि माणसाला आधी कशाची काळजी वाटावी यावर कोणाचा इलाज नसतो.

उरलेले दोन दिवस रत्नमाला घरी एकटी राहिली. मंदाबाईनं बाहेरून कडी लावली आणि आत भात, पाणी आणि पाटी ठेवली. संध्याकाळी कडी काढली तेव्हा रत्नमाला दाराशी बसलेली होती. दिवसभर तिथंच बसली होती म्हणे. रडली नव्हती. "तू येशील तं दिसाले पायजे ना," एवढंच म्हणाली. मंदाबाईनं हे आम्हाला डबा खाताना सांगितलं आणि भात खात राहिली. आम्हीही खात राहिलो. उसन्या भाताचा घास मोठा होतो, चावायला वेळ लागतो.

दुसऱ्या प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी चंद्रभागाबाईनं तोड काढली. ही रेजांमध्ये वडील. तिचे स्वतःचे दोन नातू शाळेत होते.

"रोज एकीनं शाळेत बसाचं. सातजणींनी आठ रांगा उलटवाच्या. थोडं फाकून चालू, काय होते?"

"अन् भय्याजी?"

"भय्याजीले माणूस कुठं लागते? चप्पल लागते. चप्पल ठेवाची अन् अनवाणी शाळेत जाचं."

झालं ठरलं. गुरुजींकडे किल्ली मागितली. गुरुजींनी घाम पुसला आणि म्हणाले, "द्यायची परवानगी नाही. मी खिडकीत विसरून जातो." ते प्रत्येक प्रशिक्षणाच्या आधी न विसरता किल्ली विसरायला लागले.

अशी शाळा सुरू झाली. सकाळी आठ जोड चपला कडेला, सात बाया फरशीवर, एक बाई अनवाणी शाळेत. भय्याजी म्हणायचे, आठ. मी लिहायचो, आठ. मी खोटं लिहिलं नाही. भय्याजींनी मोजलेलं लिहिलं. सुरुवातीला रेजांची तेरा लेकरं होती, मग गावानं पाहिलं की गुरुजी नसतानाही शाळा उघडते, आणि हजेरी एकतीसवर गेली. गुरुजी असताना ती कधी बावीसच्या वर गेली नव्हती.

मंदाबाईची पाळी आली तेव्हा तिच्यापुढं प्रश्न पडला. एकतीस लेकरं, आणि तिला वाचता येत नव्हतं. बाकीच्या बाया लेकरांना झोपवायच्या. पण एकतीस लेकरं एका वेळी झोपत नाहीत, चार झोपली की पाच उठतात. मंदाबाईला जगात एक गोष्ट नीट येत होती, ती तिनं शिकवली. बाकं भिंतीला लावली, लेकरांना आठच्या ओळीत उभं केलं, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पाय घासत चालवलं. बोलायचं नाही. पाय उचलायचा नाही. टोकाला सगळ्यांनी एकदम वळायचं. अर्ध्या तासात शाळेत अशी सामसूम झाली की बाहेरच्या बकऱ्या आत डोकावून गेल्या.

नेमक्या त्याच वेळी शाळेसमोर स्कूटर थांबली. तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले होते. प्रशिक्षणासाठी बंद ठेवलेल्या शाळा खरोखर बंद आहेत की नाहीत, हे तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. पुढचं सगळं मंदाबाईनं सांगितलं तसं सांगतो.

"शाळा चालू कशी?" साहेबांनी विचारलं.

"दार उघडलं जी."

साहेब आत आले. एकतीस लेकरं अनवाणी, गुपचूप, ओळीत येत होती, जात होती.

"हे काय चाललंय?"

"धान उलटवून राहिले जी."

"धान कुठं आहे?"

"लहान हायेत जी अजून. धान नाही देल्लं."

नव्या धोरणात परिसराशी जोडलेल्या शिक्षणाबद्दल एक मोठं प्रकरण होतं आणि साहेब दोन महिने तक्ते लावून गुरुजींना ते समजावत होते. एकालाही समजलं नव्हतं. आणि इथं ते चालत होतं, पाय घासत.

"तुमचं प्रशिक्षण झालंय?"

"नाही जी."

"मग हे कुणी शिकवलं?"

"भय्याजीनं."

साहेबांनी शेरेबुक काढायला लावलं आणि उभ्यानंच लिहिलं. शेरा मी नंतर वाचला. 'श्री. भय्याजी यांच्या मार्गदर्शनाखाली श्रीमती मंदाबाई तुलाराम गिरेपुंजे यांनी राबवलेला उपक्रम स्तुत्य. शिस्त उत्तम. शिक्षिका पादत्राणे वर्गाबाहेर ठेवतात हे अनुकरणीय. सदर शिक्षिका अप्रशिक्षित असल्याने त्यांना पुढील प्रशिक्षणास पाठवावे.'

खाली सही होती, त्यामुळे ते खरं झालं.

पंधरा दिवसांनी आदेश आला. श्रीमती गिरेपुंजे यांनी जानेवारीच्या अठरा, एकोणीस, वीस तारखेला तालुक्याच्या गावी प्रशिक्षणास न चुकता हजर राहावे. गोल शिक्का, तोही सरळ बसलेला. गुरुजींनी तो तिला वाचून दाखवला आणि यावेळी दोन्ही हातांनी घाम पुसला.

"गुर्जी, मी तं रेजा हावो. सांगा ना त्यायले."

"सांगतो. पण सांगायचं म्हणजे त्या दिवशी शाळेत कोण होतं ते सांगावं लागते. मग किल्ली कोणी दिली ते सांगावं लागते." गुरुजींनी आदेशाची घडी घातली. "तुम्ही हजर होऊन जा. चूक असली तर तिथं दुरुस्त करतात."

घरी तिनं तुलारामला विचारलं. तुलाराम रुळावरचा माणूस.

"लाल झेंडी दिसली का गाडी थांबते," तो म्हणाला. "कायले थांबलो हे मागून इचारते. जा तू."

म्हणजे आता प्रशिक्षणासाठी शाळा बंद, ती बंद शाळा चालवणारी बाई पण प्रशिक्षणाला. रेजांनी यावर फार विचार केला नाही. त्या तीन दिवसांसाठी शाळेची पाळी रेजांपैकीच ललिताबाईनं घेतली. रत्नमाला तिच्याजवळ राहील, फरशी सहाजणी उलटवतील, अजून थोडं फाकून. अडचण वेगळीच निघाली. ती सतरा तारखेला संध्याकाळी फरशीच्या कडेला बसून सोडवायचा प्रयत्न झाला, मीही तिथंच होतो.

"चप्पल इथं ठेवून जाय," चंद्रभागाबाई म्हणाली.

"अन् तालुक्याले अनवाणी जाऊ? शिक्क्याचा कागद घेऊन?"

"मंग माह्या घेऊन जाय."

"तुया नेल्या तं तुया कमी पडतीन ना मावशी. भय्याजीले आठ लागते."

सगळ्यांनी करून पाहिलं. कोणाचीही चप्पल नेली तरी सातच उरत होत्या. दोन जोड कोणाकडेच नव्हते. आमच्या गावात दोन जोड चपला असणाऱ्याला लोक पुढारी समजतात. मंदाबाई आपल्या चपलांकडे पाहत होती. निळे पट्टे, डाव्या पायाच्या पट्ट्याला तांब्याची तार बांधलेली.

"तीन दिवस सात लिहिलं तर काय होते इश्वरभाऊ?" तिनं मला विचारलं.

"काही नाही होत," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. मला तेव्हा बहुतेक गोष्टींबद्दल तसंच वाटायचं.

अठरा तारखेला ऊन चांगलं होतं. भय्याजींनी खिडकीतून मोजलं. पुन्हा मोजलं. मग उठले, आणि मी पाहिलं तेव्हापासून पहिल्यांदा फरशीच्या कडेपर्यंत चालत गेले. बोटानं मोजलं. परत येऊन खुर्चीवर बसले.

"सात."

मी काही लिहिलं नाही.

"निळी नाही. तारवाली." त्यांना सगळ्या चपला ओळखू येत होत्या. चेहरे तेवढे येत नव्हते. "मंदा कुठं हाये?"

मी फरशीकडे पाहिलं. सहाजणी फाकून चालत होत्या. कोणीही मान वर केली नाही.

आता हे सांगायला हवं. मी टेबलामागं बसलो होतो आणि माझ्या पायात चपला होत्या. रबराच्या, साध्या, बाया, पुरुष सगळेच वापरतात तशा. भय्याजी कडेला जायच्या आधी मी त्या काढून, पाणी पिऊन येतो म्हणून जाताजाता कडेला ठेवल्या असत्या तर आठ झाल्या असत्या. टेबलाखालचे पाय कोणी मोजत नाही. मला हे सकाळी आठ वाजताच सुचलं होतं. मी डावी चप्पल काढलीही होती. मग वाटलं, तीन दिवस सात झाल्यानं काय होते. आणि मी ती परत घातली.

"सांगून नाही गेली?" भय्याजींनी विचारलं.

"मले माहीत नाही," मी म्हणालो.

"बाबू, लिही, सात. अन् उद्यापासून तारवाली चप्पल कडेले दिसाले नको. आठवी रांग मी लावतो दुसरी."

मी लिहिलं, सात. हातानं ते जरा वेगळंच वळत होतं. इतक्या दिवसांत आठशिवाय काही लिहिलंच नव्हतं.

एकोणीसला शेजारच्या गावची शकुनबाई आठव्या रांगेवर उभी राहिली. चपला आठ. मी पुन्हा आठ लिहिलं. म्हणून म्हणतो, बुक पाहाल तर त्या महिन्यात एक दिवस सात आणि बाकी सगळे आठ. एखादी बाई एक दिवस तापली असेल, एवढंच दिसतं त्यातून.

वीस तारखेला मंदाबाई प्रशिक्षण संपवून आली. हातात गुंडाळलेलं प्रमाणपत्र, वर लाल फीत. बसथांब्यावरच चंद्रभागाबाईनं तिला सांगितलं. मंदाबाईनं ऐकून घेतलं. मग चप्पल काढून हातात घेतली आणि घरापर्यंत अनवाणी गेली. का, ते कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिलवर आली. भय्याजी खिडकीतूनच म्हणाले, "आता जागा नाही मंदा. आठ झाले."

"नऊ वर्षं झाले जी मले ह्या रांगेवर."

"मी कुठं काही म्हणून राहिलो? तू काही परमनंट होती का, तं मी तुले काढीन? काढाले आधी लावलेली पायजे. तुले काढलंच नाही. फक्त जागा नाही."

ती फरशीकडे वळली. मला दिसत होती. शकुनबाई हौदाकडच्या रांगेत पाय जरा जास्त उचलत होती, त्यामुळे रेघ तुटक पडत होती. मंदाबाई त्या रेघेकडे पाहत होती. मग म्हणाली, "पाय घासून चाल वो बाई," आणि गेली.

मी तिला नंतर विचारलं, प्रशिक्षणात काय शिकवलं.

"लेकरायले मारू नोको म्हणे. मी म्हटलं, बरं. मंग अंगठा घेतला. दुपारी भात होता, पण उसना नोयता, घशात गेल्यावानी नाही वाटे."

"तिथं सांगितलं नाही, मी रेजा आहे म्हणून?"

"सांगतलं ना. तं साहेब म्हणे, बाई, स्वतःले कमी समजू नोका."

पुढचं फार नाही. मंदाबाई आता रिकामी होती. रिकामी बाई गावात दिसली की तिला काहीतरी धरायला देतात. तिला एकतीस लेकरं दिली. गुरुजी नसतील त्या प्रत्येक दिवशी शाळेत तीच. पाळ्या बंद झाल्या. आठही रेजा आता खरोखर फरशीवर असतात, फाकून चालावं लागत नाही. भय्याजी म्हणाले, यंदा धान चांगलं वाळून राहिलं. रेजा आपापल्या डब्यातून एकेक मूठ भात शाळेत पाठवतात. आठ मुठी होतात. शकुनबाईही पाठवते, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मंदाबाईला परत घ्या असं भय्याजींना कोणीच म्हणालं नाही. चंद्रभागाबाई एकदा म्हणायला गेली आणि दारातूनच परत आली. "घेतलं तं लेकरं कोण पाहीन?" मला म्हणाली. मी हो म्हणालो. बरोबरच होतं.

गुरुजींचं नशीब उघडलं. ज्या शाळेत असा उपक्रम चालतो तिथल्या गुरुजींनी इतरांना शिकवावं असं साहेबांनी ठरवलं. आता ते गावोगाव प्रशिक्षण देतात, आमच्याकडे शनिवारी सकाळी येतात आणि सगळ्या आठवड्याच्या हजेऱ्या भरून जातात. दुसरी जागाही भरली. म्हणजे कागदावर. सहा वर्षं रिकाम्या असलेल्या जागेपुढं आता लिहिलेलं आहे, 'प्रशिक्षित शिक्षिका उपलब्ध'. त्यामुळे नवीन गुरुजी येणार नाहीत. पगाराचं विचारलं तर कळलं की मंदाबाईचं प्रशिक्षण झालेलं आहे, नेमणूक झालेली नाही. या दोन वेगळ्या शाखा असतात. लेकरं एका ओळीत चालतात, टोकाला एकदम वळतात. रत्नमालाला अजून आपलं नाव लिहिता येत नाही. मात्र तिचा पाय सगळ्यांत चांगला घासतो.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मिल सुटल्यावर मंदाबाई माझ्या टेबलाजवळ आली. रत्नमाला बरोबर होती. मंदाबाईच्या हातात तिच्या निळ्या चपला होत्या. इथं कडेला दिसायला नको म्हटलेलं होतं, म्हणून हातात.

"इश्वरभाऊ, एक अर्ज लिहून द्या."

"कोणाला? भय्याजींना?"

"त्यायच्या हातात काय हाये? साहेबायले."

"काय लिहू?"

"मले माही रांग पायजे. आठवी."

"ती मिलची आहे वहिनी. साहेबांच्या हातात नाही."

"शाळा हाये ना त्यायच्या हातात? शाळा रोज उघडी राहिली तं मी मोकळी. भय्याजीले मी समजावीन मंग."

"शाळा रोज उघडी राहणार नाही. प्रशिक्षणं आहेत पुढची पण. धोरण आहे ते."

बाहेर फरशीवर दिवसभराचं धान गोळा करून ढीग लावले होते, वर ताडपत्र्या. ऊन उतरत होतं आणि भिंतीच्या वरच्या विटांवर थोडं उरलं होतं. मंदाबाईनं तिकडे पाहिलं.

"आभाळ आलं का मिल बंद राहते," ती म्हणाली. "शाळा बंद अन् मिल बंद, एकाच दिवशी, तं कोणाले काहीच नाही लागत. आम्ही घरी, लेकरं घरी. चपला घरी. हे ऊनच आडवं येते. तसं लिहा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मग मीही हसलो नाही, मिलचा एक कोरा कागद घेतला आणि लिहायला बसलो. माझ्या चपला टेबलाखाली होत्या. लिहून झालं तेव्हा वाचून दाखवलं. 'होती' हा शब्द तिनं खोडायला लावला. बाकी ठीक आहे म्हणाली, आणि रत्नमालाचं बोट न सोडता आपला अंगठा उमटवला.

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब यांचे सेवेशी,

विषय : शाळा बंद असलेल्या दिवशी ऊन बंद ठेवणेबाबत.

महोदय,

वरील विषयान्वये अर्जदार श्रीमती मंदाबाई तुलाराम गिरेपुंजे, प्रशिक्षित, सविनय सादर करते की अर्जदार ही गावातील उसना मिलमध्ये आठव्या रांगेवर रेजा ~~होती~~ आहे. शाळा बंद असल्यास अर्जदारास आपले व इतरांचे लेकरू सोडून कामावर हजर राहता येत नाही, व हजर न राहिल्यास चपला कमी भरतात. आभाळ आल्यास मिल बंद राहते व कोणाचीही गैरसोय होत नाही, हा नऊ वर्षांचा अनुभव आहे.

तरी मेहेरबान साहेबांनी यापुढे प्रशिक्षण, केंद्रावरील सभा, मतदार याद्या इत्यादी कारणांसाठी शाळा बंद ठेवण्याचे आदेश काढताना, त्याच दिवशी सकाळी आठ ते सायंकाळी पाच या वेळेत ऊन बंद ठेवण्याचे आदेशही संबंधितांना द्यावेत. संपूर्ण जिल्ह्यातील ऊन बंद ठेवणे प्रशासकीय अडचणीमुळे शक्य नसल्यास, निदान मिलच्या फरशीपुरते, आणि तेही शक्य नसल्यास हौदाकडील आठव्या रांगेपुरते बंद ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.